काय हालहवाल?

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळ याच प्रश्नाने उजाडते. मग कुणी दुबईहून उकाड्याचं सांगतं, कुणी पुण्याहून नातवाच्या पहिल्या दाताचा फोटो टाकतं.

या जोडशब्दाचे दोन्ही तुकडे एकाच घरचे. अरबीत ‘हाल’ म्हणजे स्थिती आणि ‘अहवाल’ हे त्याचं अनेकवचन. फारसीच्या वाटेने दोघे मराठीत आले आणि इथे त्यांच्या वाटा फुटल्या. ‘अहवाल’ कचेरीत स्थिरावला, ‘हाल’ मात्र सोसायचे झाले. मूळ शब्दात दुःख नव्हतं, ते आपण त्यात भरलं. माणसाची स्थिती आपण बहुधा अडचणीतच विचारतो, म्हणून तर तसं झालं नसेल? मला तसंच वाटतं. त्याच ‘हाल’च्या आधी फारसी ‘खुश’ लागला आणि ‘खुशाल’ झाला. जुन्या पत्रांतलं ‘कुशल’ कानाला जवळचं लागतं, पण ते संस्कृत, त्याचं गोत्र वेगळं.

परवा ग्रुपवरची एक मैत्रीण आठवडाभर गप्प होती. कुणीतरी लिहिलं, ‘अहवाल नको गं, नुसती खुशाली कळव.’ रात्री उत्तर आलं, ‘ताप उतरला. मेतकूट-भात खाल्ला.’