सोबतची यादी

ऊर्जानगरात राहून मी पुष्कळ वर्षे कचेरीत करारनाम्यांचे मसुदे ताडून पाहण्याचे काम केले. आकड्यातले शून्य सुटले तर ते सहसा कोणाच्या तरी ध्यानात येते. मला धास्ती वाटे ती ‘सोबत यादी जोडली आहे’ या वाक्याची. सही झालेली, शिक्का उमटलेला, आणि यादीचा पत्ता नाही!

चंद्रपूरकडची वर्धा नदी पाहिली म्हणजे मला असाच एक जुना कागद आठवतो. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावी नागपूरकर दुसरे रघूजी भोसले व इंग्रज यांच्यात तह झाला. भोसले अडगावची लढाई हरले होते. गाविलगड दोनच दिवसांपूर्वी पडला होता. तहाने कटक, बालासोर गेले. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाच्या पदरात पडला. पलीकडचा राजुरा १९४८ पर्यंत निजामी अंमलात होता. ही कलमे कडू खरी, पण स्वच्छ. नदी कोठून वाहते ते दोघांनाही दिसत होते.

दहावे कलम निराळे. भोसल्यांच्या मांडलिकांशी इंग्रजांनी केलेले करार भोसल्यांनी मान्य करावेत. त्या मांडलिकांची यादी तह मंजूर झाल्यावर देऊ! यादी आली तेव्हा तीत ओरिसाकडचे संबळपूर व पाटणा निघाले. रघूजींनी हरकत घेतली. पण कोरी जागा बलवानाने भरली. पुढे गव्हर्नर जनरल वेलस्ली गेला आणि १८०६ साली बार्लोच्या कारकिर्दीत ते मुलूख परत मिळाले. ते कलमाच्या जोरावर नव्हे, धोरण पालटले म्हणून.

१८७२ च्या करार कायद्याचे २९ वे कलम सांगते, की ज्याचा अर्थ निश्चित नाही व करताही येत नाही तो करार रद्दबातल. ‘पांढरा घोडा पाचशेला किंवा हजाराला’ हा त्यातलाच दाखला. मात्र केवळ खोबरेलाचा व्यापारी ‘शंभर टन तेल’ लिहून देईल तर करार टिकतो. त्याचा धंदाच अर्थ सांगतो. उभयतांच्या चुकीने कागदावर भलतेच उतरले, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या २६ व्या कलमाखाली न्यायालय लेख दुरुस्त करू शकते. सर्वत्र प्रश्न एकच: सही करताना दोघांच्या मनात काय होते?

रघूजींना हे विचारणारे न्यायालय नव्हते. म्हणून हाताखालच्या मुलांना मी एवढेच सांगत असे: आधी यादी, मग सही.