रोपांची माती

लंडनच्या दक्षिणेस असलेले मर्टन हे एके काळचे खेडे आज त्या महानगरात मिसळून गेले आहे. जॉन इनिस हा धनिक व्यापारी तेथे राहत असे. १९०४ साली तो वारला आणि त्याने मागे ठेवलेल्या संपत्तीतून १९१० मध्ये तेथे उद्यानविद्येची एक संशोधन संस्था उभी राहिली. आनुवंशिकतेच्या शास्त्राला त्याचे इंग्रजी नाव देणारे विल्यम बेटसन हे तिचे पहिले संचालक. अशा विद्वत्तेच्या घराचे नाव माळ्यांच्या तोंडी रुळले, ते मात्र कुंडीतल्या मातीमुळे.

त्याचे कारण असे की, आनुवंशिकतेच्या प्रयोगात प्रत्येक रोपाला किंमत असते. एका जातीच्या फुलांची इतकी रोपे आणि दुसरीची इतकी, या प्रमाणावरच सारा निष्कर्ष उभा राहतो. निम्मी रोपे उगवताच माना टाकू लागली, तर उरलेल्यांची मोजदाद कोणत्या विश्वासाने करावी? मर्टन येथे प्रिम्युला या नाजूक फुलझाडाची रोपे अशीच दगावत. रोपाचे देठ जमिनीलगत मऊ पडते, काळवंडते आणि रोप आडवे होते. आपल्याकडे वांगी-मिरचीचे वाफे लावणाऱ्यांना हे कोलमडणे चांगले परिचयाचे आहे. ओल्या, हवाबंद मातीतील सूक्ष्म बुरशी त्याच्या मुळाशी असते.

त्या काळी इंग्लंडमधील प्रत्येक मोठ्या बागेच्या मुख्य माळ्याचे मातीविषयी स्वतःचे गुपित असे. या झाडाला पालापाचोळ्याचे खत, त्या झाडाला जुने शेण, तिसऱ्याला काजळी किंवा विटांचा चुरा. यातील काही अनुभवाचे होते, काही निव्वळ रूढीचे. आणि कोणते कशात मोडते, हे खुद्द माळ्यालाही सांगता आले नसते.

१९३० नंतरच्या दशकात संस्थेच्या बागेचे प्रमुख विल्यम लॉरेन्स आणि त्यांचे सहकारी जॉन न्यूवेल यांनी हे कोडे हाती घेतले. बुरशी मारण्यासाठी माती वाफेने तापवावी, हे आधीच माहीत होते. अडचण पुढची होती. तापविलेल्या मातीत रोगाने रोपे मरत नसत, पण कधी कधी ती खुरटून बसत. उष्णतेने अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू नाहीसे होतात; अमोनिया निर्माण करणारे काही मात्र तगतात, आणि मग तो साचून कोवळ्या मुळांना बाधतो. चुना मिसळून माती तापविली तर अपाय अधिकच. म्हणून फक्त पोयट्याची माती तापवावी, तीही सुमारे ८२ अंश सेल्सिअसपर्यंत आणि दहाएक मिनिटेच. पीट, वाळू व खते मागाहून घालावीत, अशी रीत ठरली.

बियांसाठी त्यांनी दिलेले प्रमाण असे : पोयटा दोन भाग, पीट एक भाग आणि जाडी वाळू एक भाग. अशा सुमारे ३६ लिटर मिश्रणात ४२ ग्रॅम सुपरफॉस्फेट आणि २१ ग्रॅम खडूची भुकटी. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ व वनस्पती अर्धवट कुजून शतकानुशतके साठलेला तपकिरी थर. तो पाणी धरून ठेवतो, वाळू हवेला वाट देते. पोयट्यासाठी कुरणाच्या गवताचे मुळांसकट कापलेले थर उलटे रचून महिनोन्‌महिने कुजवीत. शेणखताचा या यादीत पत्ताही नाही. खुर व शिंगांचा चुरा येतो तो रोप मोठ्या कुंडीत हलविताना. जितके खत अधिक तितके रोप जोमदार, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तापलेल्या मातीची ही विद्या कोकणाला सर्वस्वी नवी नव्हती. ठाणे-कुलाब्याचा शेतकरी पावसापूर्वी भाताच्या रोपवाफ्यावर शेण, पाला, फांद्या व गवत पसरून राब भाजीत आला आहे. त्यासाठी फांद्या तोडण्यावरून एकोणिसाव्या शतकात जंगलखात्याशी त्याचा मोठा तंटा झाला. सरकारच्या लेखी ती जंगलाची नासाडी होती. शेतकऱ्याच्या लेखी राबावाचून रोप नव्हते आणि रोपावाचून भात नव्हता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी व कानिटकर यांच्यासह या पद्धतीची शास्त्रीय तपासणी करून १९१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याच्या थोडे आधी, १९०९ साली, इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी तापविलेल्या मातीची सुपीकता का वाढते, याचा अभ्यास मांडला होता. मर्टनच्या माळ्यांनी राब पाहिला होता असे नव्हे. पण अडाणी म्हणून हिणविलेल्या त्या रीतीत परीक्षा करण्याजोगे काही आहे, हे पुण्याच्या प्रयोगशाळेने त्यांच्या कितीतरी आधी मान्य केले होते.

लॉरेन्स व न्यूवेल यांचा ग्रंथ १९३९ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी युद्ध पेटले. घरोघरी भाजीपाला पिकविण्याची निकड असताना हे प्रमाण सर्वांच्या हाती होते, कारण संस्थेने ते उघड केले होते. ती स्वतः ही माती विकत नसे. व्यापाऱ्यांनी पिशव्यांवर तिचे नाव छापले. सगळ्यांनीच प्रमाण पाळले असे नाही. पुढे चांगला पोयटा दुर्मीळ झाला आणि मातीविरहित पीटची मिश्रणे पुढे आली. आता पीट काढल्याने दलदली उजाड होतात आणि त्यांत साठलेला कार्बन हवेत जातो, म्हणून त्यालाही पर्याय शोधले जात आहेत. आपल्याकडील रोपवाटिकांत नारळाच्या काथ्याचा भुसा पीटची जागा घेऊन बसलाच आहे.