लोधीखेडा : नाव हिंदी, विभक्ती मराठी

सावनेरहून उत्तरेकडे निघाले की केळवदच्या पुढे महाराष्ट्राची हद्द संपते आणि थोड्याच अंतरावर लोधीखेडा येते. पुढे सौंसर, रामाकोना, मग सिलेवानीचा घाट, आणि घाट चढून गेल्यावर छिंदवाडा. हा घाट वाचकांनी ध्यानात ठेवावा. घाटावरचा मुलूख सातपुड्याच्या पठाराचा. घाटाखालचा नागपूरच्या मैदानाला लागून असलेला, कापसाचा, ज्वारीचा आणि संत्र्याचा. इथले पाणी कन्हानला मिळते आणि कन्हान नागपूरकडे वाहते. माणसांची ये-जाही पिढ्यान्‌पिढ्या त्याच दिशेने होत आली.

गावाच्या नावातच दोन भाषा नांदतात. लोधी ही उत्तरेकडून आलेली शेतकरी जमात. मराठीत ‘खेडे’ म्हटले असते, इथे ‘खेडा’ आहे. पण या भागातला मराठी माणूस ‘लोधीखेड्याला जातो’ म्हणतो आणि त्या हिंदी नावाला मराठी विभक्ती सहज लावून टाकतो. सीमेवरचा माणूस असाच जगतो.

हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. त्याच घराण्यातल्या बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसवले. म्हणजे ज्या नागपूरला आपण या भागाची मायभूमी समजतो, त्याचा संस्थापक घाटावरच्या देवगडचा होता! पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. १८५३ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले आणि १८६१ साली मध्यप्रांत तयार झाला. राजधानी नागपूर. लोधीखेड्याच्या माणसाला कचेरी, बाजार आणि सोयरीक या तिन्हींसाठी एकच दिशा धरावी लागे.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत लोधीखेड्याची नोंद चार ओळींची आहे. पण त्या चार ओळींत तांब्यापितळेची उत्तम भांडी आणि जाडेभरडे सुती कापड यांचा उल्लेख आवर्जून केलेला आढळतो. गावाची खरी ओळख ती भांडीच. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते, हे शाळेत सगळेच शिकतात. पण पत्र्याला ठोका देऊन पोट काढणे, गळा आवळणे, काठ वळवणे हे हाताच्या सवयीने, ऐकून ऐकून येते. ठोका नीट बसला की नाही हे कारागीर आवाजावरून ओळखतो. गुंड, हंडा, घंगाळ, कोपर, परात यांच्याशिवाय पूर्वी लग्नाचे रुखवत पुरे होत नसे.

भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत आहे. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ती अक्षरे म्हणजे गरिबाचा शिलालेखच. दोन्ही भाषांची लिपी एक, देवनागरी. म्हणून नुसत्या नावावरून घरची भाषा कळत नाही. ‘यांजकडून’ आहे की ‘की ओर से’ आहे, हे पाहावे लागते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बंगाल नागपूर रेल्वेची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी नागपूर-छिंदवाडा मार्गावर धावू लागली. सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर अशी स्टेशने घेत ती घाट चढे. शंभर वर्षे तिने हा मुलूख बांधून ठेवला.

मग १९५६ साल उजाडले. राज्य पुनर्रचनेत जिल्हा हा घटक धरला गेला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर घाटाखालचा हा मराठी टापूही राहिला. राजधानी भोपाळ झाली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले. भाषा पाहिली असती तर रेघ घाटावरून गेली असती. जिल्हा पाहिला म्हणून ती केळवदच्या पुढून गेली. यात कुणी दुष्टावा केला असे नाही. मात्र त्या दिवसापासून इथल्या मुलांची शाळेची भाषा आणि आजीची भाषा वेगळी होत गेली.

नुकसान झाले ते इथे. दोन भाषा येणे ही श्रीमंतीच आहे; पण एक भाषा फक्त बोलण्यापुरती उरली आणि तिचे वाचन सुटले, तर ती माजघरातल्या भांड्यासारखी माळ्यावर जाते.

छोटी गाडी २०१५च्या अखेरीस थांबली. २०२१ साली त्याच मार्गावर मोठ्या रुळांची गाडी सुरू झाली. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा आणि सौंसरचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. छिंदवाड्यापासून वेगळी होणारी रेघ अखेर घाटाखाली उमटली. पण राज्याची नव्हे, जिल्ह्याची! सदुसष्ट वर्षांनी का होईना, घाटाचे म्हणणे सरकारदरबारी थोडेफार ऐकू गेले.

भांड्यांचे मात्र वेगळेच झाले. आधी स्टील आले, मग प्लास्टिक आले. जुनी पितळ मोडीत वजनावर जाते आणि तिच्याबरोबर नावेही वितळतात. राजांच्या सनदा दप्तरखान्यात जपल्या जातात. लोधीखेड्यासारख्या गावाचे दप्तर घराघरांतल्या माळ्यांवर आहे.

या दिवाळीत घर आवरताना एखादा काळवंडलेला गुंड हाती लागला, तर मोडीत देण्यापूर्वी त्याला चिंच लावून घासा. अक्षरे वर येतील. ती मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. नाव कुणाचे ते सांगा, आणि ‘यांजकडून’ म्हणजे काय तेही सांगा.