जुना हायवे नंबर ७ : यवतमाळमध्ये रस्त्याकडेचे फोटो का आणि कसे काढावेत?

वाराणसी ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ एकेकाळी देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग होता. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले आणि नागपूरच्या दक्षिणेकडचा त्याचा भाग श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग क्रमांक ४४ मध्ये गेला. यवतमाळ जिल्ह्यात हा रस्ता वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जातो. पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगणा लागतं.

फोटो कशासाठी?

रस्ता रुंद होताना आधी कडेची झाडं आणि पानठेले जातात. बायपास झाला की गिऱ्हाईकही बाहेरच्या बाहेर निघून जातं. अमेरिकेत हेच झालं. शिकागो ते कॅलिफोर्निया हा १९२६ चा 'रूट ६६' नव्या वेगवान महामार्गांमुळे मागे पडला आणि १९८५ मध्ये अधिकृत यादीतून वगळला गेला. पण चित्रकार एड रुशे यांनी या रस्त्यावरच्या २६ पेट्रोल पंपांचे साधे फोटो काढून १९६३ मध्ये पुस्तक केलं होतं. फोटोखाली फक्त पंपाचं आणि ठिकाणाचं नाव. आज ते पुस्तक त्या काळाची नोंद ठरलं आहे.

काय टिपावं?

हाताने रंगवलेल्या पाट्या, ढाबे, पंक्चरची दुकानं, जुने पूल, दसऱ्यानंतर जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या. दुकानाच्या पत्त्यात 'हायवे नं. ७' दिसलं, तर ती पाटी बहुधा क्रमांक बदलण्याआधीची असते. पिवळ्या माथ्याचा मैलाचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या माथ्याचा म्हणजे राज्य महामार्ग.

कसे काढावेत?

- चौपदरी रस्त्यावर गाडी थांबवू नका. ढाब्याच्या किंवा पंपाच्या आवारात लावा आणि मग चालत जा.
- माणसांचा फोटो विचारूनच काढा.
- एक फोटो जवळून, एक लांबून घ्या. आजूबाजूचं दिसलं तरच पुढे जागा ओळखता येते.
- गाव, तारीख आणि दिशा लिहून ठेवा.
- व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते. मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

दरवर्षी त्याच जागी उभं राहून पुन्हा एक फोटो काढला, तर काय राहिलं आणि काय गेलं हे कुणालाही सांगावं लागत नाही.