वारा धरणाऱ्यांच्या देशात

नरपडच्या किनाऱ्यावर संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली उभं राहिलं, की वाऱ्याचा आवाज आधी येतो आणि समुद्राचा नंतर. आम्ही इथंच लहानाचे मोठे झालो, त्यामुळे त्या वाऱ्याचं आम्हाला कधी अप्रूप वाटलं नाही. अप्रूप होतं ते शेजारच्या चिकूच्या वाडीतल्या इराणी आजीला. ती ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि गुजराती मिसळलेल्या मराठीत सांगायची, "बेटा, माझ्या बापाला घरात वारा घ्यायची परवानगी नव्हती." आम्हा पोरांना हसू यायचं. वारा काय कुणाची परवानगी मागून येतो? त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढं तीस-पस्तीस वर्षं लागली. त्यासाठी वाळवंटातल्या एका प्राचीन देशात जाऊन यावं लागलं.

श्रोतेहो, आज त्या देशाविषयी बोलायचं आहे, आणि अशा देशात पाहुणा म्हणून कसं जावं याविषयीही.

डहाणू, नरपड, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात राहणाऱ्यांना इराणी आणि पारशी हा फरक सांगावा लागत नाही. बाहेरच्यांना मात्र सांगावा लागतो. धर्म एकच, जरथुष्ट्राचा. पारशी हजार-बाराशे वर्षांपूर्वी इराणातून समुद्रमार्गे आले आणि आमच्या तलासरीला लागून असलेल्या संजाणला उतरले. पुढे सुलतानाच्या फौजेनं संजाण घेतलं, तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातल्या बहरोटच्या डोंगरातल्या गुहेत बारा वर्षं सांभाळला, असं ‘किस्सा-ए-संजाण’ सांगतो. हा किस्सा १५९९ साली फारसी पद्यात लिहिला गेला. इराणी आले ते अलीकडे, एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला. त्यातले बहुतेक यज्द आणि किरमान या दोन शहरांच्या आसपासच्या खेड्यांतले. कुणी मुंबईत चहाच्या दुकानात राबले, कुणी पारशांच्या घरी नोकरीला राहिले, आणि काहींनी आमच्याकडे येऊन वाड्या केल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या माणसांच्या घामाचाही वाटा आहे.

यज्द हे वाळवंटातलं शहर. दोन्ही अंगांना उघडे डोंगर, मध्ये मातीच्या भिंतींचं गाव, आणि प्रत्येक मोठ्या घराच्या डोक्यावर एक उंच चौकोनी मनोरा. त्याला ‘बादगीर’ म्हणतात. बाद म्हणजे वारा, गीर म्हणजे धरणारा. वर भिंतींना उभ्या फटी असतात. त्यांतून वारा आत शिरतो, खाली खोलीत उतरतो, कुठं पाण्याच्या हौदावरून जातो आणि गार होतो. दौलताबाद बागेतला बादगीर ३३ मीटर उंच आहे. पाणी येतं ‘कनात’मधून. डोंगराच्या पायथ्याशी भूजलापर्यंत विहीर खणायची आणि तिथून हलक्या उतारानं जमिनीखालून बोगदा गावापर्यंत आणायचा. पाणी आपल्या वजनानं चालत येतं, उन्हाला दिसत नाही, म्हणून आटत नाही. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या छत्रपती संभाजीनगरात बांधलेली नहर आठवा, म्हणजे कल्पना येईल. यज्दचं जुनं शहर २०१७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. इराणच्या कनाती त्याआधी, २०१६ मध्ये.

पण वारसा म्हटलं की आपण दगडामातीकडं बघतो आणि माणूस नजरेतून सुटतो. हाच बादगीर आजीच्या बापाला बांधता येत नव्हता. नेपियर माल्कम नावाचा एक इंग्रज मिशनरी पाच वर्षं यज्दमध्ये राहिला होता. १९०५ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं तिथल्या जरथुष्ट्री लोकांवरची बंधनं एकेक करून लिहून ठेवली. घराची उंची मुसलमानानं हात वर केला तर छताला लागेल एवढीच. १८९५ पर्यंत छत्री धरायची नाही. शहरात घोड्यागाढवावर बसायचं नाही. आणि सुमारे १९०० पर्यंत घरावर बादगीर नाही. मग एका बड्या व्यापाऱ्यानं राज्यपालाला आणि मोठ्या धर्मगुरूला घसघशीत नजराणा दिला, तेव्हा कुठं पहिला बादगीर उभा राहिला.

आपल्या मराठीत ‘अबदागीर’ हा शब्द आहे. राजाच्या डोक्यावर उन्हासाठी धरायची ती शोभिवंत छत्री. मूळ फारसी शब्द ‘आफताबगीर’, म्हणजे सूर्य धरणारा. आपल्याकडं तो शब्द मिरवणुकीत मिरवला. जिथून तो आला तिथं मात्र काही माणसांना ना ऊन अडवायची मुभा होती, ना वारा धरायची. मी मुसलमान आहे. हे वाचताना मान खाली गेली, हे सांगायला मला संकोच नाही. ज्यांनी हे केलं ते माझ्या धर्माचं नाव घेत होते. अशा देशात जायचं तर कोणत्या तोंडानं जायचं? इतिहासानं मला एक वाट दाखवली. ती माणिकजी लिमजी हातारिया या माणसाची.

माणिकजी १८१३ साली सुरतेजवळच्या एका गावात जन्मले. व्यापाराच्या निमित्तानं सिंधपर्यंत फिरले. त्या काळी इराणातून जीव मुठीत धरून आलेली कुटुंबं मुंबईच्या पारशांच्या दारी येत. त्यांच्या मदतीसाठी मुंबईतल्या पारशांनी एक मंडळ उभारलं आणि १८५४ साली माणिकजींना आपला प्रतिनिधी म्हणून इराणला पाठवलं. पूर्वजांचा देश बघायला निघालेला दुसरा कुणी असता, तर आधी पर्सेपोलिसचे खांब बघून गहिवरला असता. माणिकजींनी आधी माणसं मोजली. यज्द आणि आसपास ६,६५८, किरमानला ४५०, तेहरानला ५०. एकेकाळी साऱ्या साम्राज्याचा जो धर्म होता, त्याची उरलेली माणसं साधारण सात हजार.

मग ते तिथंच राहिले. मोडकळीला आलेली अग्निमंदिरं दुरुस्त केली. यज्द-किरमानची मुलं तेहरानला आणून त्यांना शिकवलं. मुसलमानेतर म्हणून भरावा लागणारा जिझिया ही सगळ्यात मोठी जाच होती. तो रद्द व्हावा म्हणून दरबारात खेटे घातले, ब्रिटिश वकिलांना मध्ये घातलं. एक अर्ज फेटाळला की दुसरा. अखेर १८८२ साली नासिरुद्दीन शहानं जिझिया उठवला. म्हणजे एका कामासाठी अठ्ठावीस वर्षं. १८९० मध्ये तेहरानमध्येच त्यांचा अंत झाला.

मला त्यांच्यातलं सर्वांत भावतं ते वेगळंच. त्यांनी फारसी आपलीशी केली, इराणी मुसलमान विद्वानांशी मैत्री केली, पत्रव्यवहार ठेवला, आणि स्वतःसाठी टोपणनाव घेतलं ‘दरवेश फानी’. दरवेश म्हणजे फकीर, फानी म्हणजे नाशवंत. ज्या समाजाशी भांडायचं होतं, त्याच्याच सूफी परंपरेतला शब्द त्यांनी आपल्या नावाला जोडला. भांडण अन्यायाशी होतं, भाषेशी नव्हतं. भांडायलासुद्धा समोरच्याची भाषा आदरानं शिकावी लागते, हे या माणसाकडून शिकावं.

त्यांचंही सगळंच बरोबर होतं असं नाही. यज्दजवळच्या बानू-पार्स या तीर्थावर जरथुष्ट्री यात्रेकरू गायीचा बळी देत. हिंदुस्थानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या पारशांना ते सोसवेना आणि त्यांच्या आग्रहापुढं ती जुनी चाल थांबली. मदत करणारा हात हळूच शिकवायलाही लागतो. पाहुण्यानं ही गोष्ट नेहमी ध्यानात ठेवावी.

याच्या उलट रीत मेरी बॉइस यांची. या इंग्रज विदुषी १९२० साली दार्जिलिंगला जन्मल्या. त्यांच्याआधीचे बरेच पंडित जरथुष्ट्री धर्म पोथ्यांतून वाचत. या १९६३-६४ मध्ये यज्दजवळच्या शरीफाबाद गावात एका घरात जाऊन राहिल्या. अंगण कसं झाडतात, चुलीतल्या विस्तवाचा मान कसा ठेवतात, मेलेल्यांसाठी काय रांधतात, हे बघितलं, विचारलं, लिहिलं. १९७७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात राजे फारसे नाहीत. घरं आहेत.

या दोघांची शिदोरी घेऊन मी काही वर्षांपूर्वी यज्दला गेलो. बरोबर आजीचा नातू होता. पहिला धडा बाजारात मिळाला. मिठाईच्या दुकानात पैसे पुढं केले, तर दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "काबिल नदारे." म्हणजे तुमच्यापुढं याची काय किंमत! मी भाबडेपणानं पुडा उचलून निघालो. नातवानं कोपर मारलं. याला ‘तआरोफ’ म्हणतात. त्यानं नको म्हणायचं, आपण घ्याच म्हणायचं, दोन-तीनदा आर्जव झालं की पैसे घेतले जातात. उर्दूत तआरुफ म्हणजे ओळख. फारसीत त्याचा अर्थ झाला एकमेकांना दिलेला मान. मला वाटलं, दोन्ही अर्थ एकच आहेत. मान दिल्याशिवाय ओळख होतच नाही.

दुसरा धडा आतशबेहराममध्ये. आत्ताची इमारत १९३४ सालची, पण तिथला अग्नी इसवी सन ४७० पासून विझलेला नाही असं मानतात. आमच्या घरापासून उदवाडा जवळ. तिथं १७४२ पासून इराणशाह अग्नी आहे. पण पारशी नसल्यामुळं मी आत कधी गेलो नाही, जाणारही नाही. यज्दला मात्र काचेपलीकडून कुणालाही दर्शन घेता येतं. मी काचेसमोर उभा राहिलो. शेजारी काळी चादर घेतलेली एक मुसलमान बाई आपल्या मुलाला काहीतरी हळू आवाजात समजावत होती. एके ठिकाणी दाराबाहेर थांबायचं, एके ठिकाणी काचेबाहेर. घरच्यांनी रेघ जिथं ओढली, तिथं थांबणं हीसुद्धा भेटच असते.

मग आजीच्या गावी गेलो. घर अजून होतं. दार इतकं बुटकं, की वाकूनच आत जावं लागलं. छताला माझा हात सहज टेकला. माल्कमच्या पुस्तकातलं वाक्य तेव्हा तळहाताला कळलं. घरच्या म्हाताऱ्या बाईनं माझं नाव विचारलं. नाव सांगितलं, की मी कोण ते तिला कळणार होतं. मी सांगितलं. ती क्षणभर थांबली, मग चहा पुढं केला आणि म्हणाली, "नरपडला वारा असतो ना?" मी हो म्हणालो. एवढंच बोलणं झालं. क्षमा मागायला मी कोण आणि करायला ती कोण? पण पेला दोन्ही हातांनी घेतला.

परत आलो आणि आपल्या गावाकडं नव्यानं बघितलं. इथले मूळचे कोण? वारली. पारशी, इराणी, मुसलमान, हिंदू, आम्ही सगळे त्यांच्या जंगलात नंतर आलेलो. आणि पाहुणे म्हणून आलेल्यांनी इथं काय केलं? वेठबिगार लावली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोला आयुष्यभर राबवलं. जमीनदारांत सगळ्याच धर्मांचे लोक होते, यज्दहून सोसून आलेलेही होते. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले. गोदावरी परुळेकर ज्यांच्या झोपड्यांत राहिल्या, ज्यांच्या तव्यावरची भाकरी त्यांनी खाल्ली, तीच ही माणसं. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक मराठी माणसानं एकदा तरी वाचावं. सोसलेला माणूस दुसऱ्याला सोसायला लावणार नाही, असं काही इतिहासात लिहिलेलं नसतं. ते रोज नव्यानं ठरवावं लागतं.

म्हणून आता कुणी मला विचारलं, की प्राचीन देशात जाताना काय न्यावं, तर मी सांगतो: चार शब्द तिथल्या भाषेतले न्या, कॅमेरा थोडा उशिरा काढा, आणि बुटकं दार दिसलं तर ते बुटकं का आहे हे कुणालातरी विचारा. आणि परत आल्यावर तोच प्रश्न आपल्या गावातल्या दारांनाही विचारा.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. तिची वाडी आहे. संध्याकाळी मी त्या बाजूनं जातो, तेव्हा चिकूच्या फांद्यांतून वारा सळसळत असतो. वाडीत काम करणाऱ्या वारली बाया घरी निघण्याआधी घटकाभर ओट्यावर टेकतात. आजी बसायची त्याच ओट्यावर.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)