विषाणूचे माप

१९५६ साली आपल्या देशात वजनमापांचा कायदा झाला आणि हळूहळू शेर, मण, पायली मागे पडून किलोग्रॅम व लिटर रूढ झाले. तत्पूर्वी एका पेठेतला मण दुसऱ्या पेठेतल्या मणाशी जुळेलच, असा भरवसा नसे. नंदुरबारच्या मिरचीबाजारात ज्याने कधी पोते तोलले असेल, त्याला हे अधिक सांगावयास नको. तराजूची दांडी सरळ असली तरी पारड्यातला दगड खोटा असेल, तर सारा व्यवहारच खोटा ठरतो. मानवी रक्तातील एका अतिसूक्ष्म विषाणूचे माप घेण्याच्या खटपटीचा इतिहास आज आपणांस पाहावयाचा आहे. त्या इतिहासातही पुनःपुन्हा प्रश्न आला तो या दगडाचाच.

एड्स हा रोग प्रथम नोंदला गेला १९८१ साली, अमेरिकेत. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतानिए यांच्या गटाने त्याचा विषाणू वेगळा केला. त्यालाच पुढे एच.आय.व्ही. हे नाव मिळाले. हे संकट परदेशातले, आपल्याकडे ते येणार नाही, अशी समजूत त्या काळी आपल्या सुशिक्षितांतही होती. ती समजूत १९८६ साली मद्रासला ढासळली. मद्रास मेडिकल कॉलेजातील डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी रक्ताचे नमुने जमवून ते वेल्लोरला नेऊन तपासले, तेव्हा त्यांतील सहा नमुन्यांत या विषाणूची खूण आढळली. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घराण्यात त्या जन्मल्या. वडिलांच्या नावाने त्यांनी १९९३ साली तेथे एड्सवरील संशोधनाचे व शुश्रूषेचे केंद्र काढले. इकडे महाराष्ट्रात १९९२ साली पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली.

मद्रासची ती तपासणी विषाणूची नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तपासणीत सापडली ती ही प्रतिपिंडे. चोर घरात आला की नाही, हे कुत्र्याच्या भुंकण्यावरून ओळखावे, तसाच हा प्रकार होय. उत्तर मिळते ते 'आहे' किंवा 'नाही' एवढेच. चोर एक की शंभर, ते भुंकण्यावरून समजत नाही.

आणि खरी निकड होती ती संख्येचीच. बाधा झाल्यावर पुष्कळ रुग्ण अनेक वर्षे धडधाकट दिसत, आणि या काळात विषाणू जणू निद्रिस्त असतो असा तर्क होता. १९९३ साली रक्तातील विषाणूचे जननद्रव्य मोजून दाखविण्यात आले, तेव्हा रोगाच्या प्रत्येक अवस्थेत तो रक्तात हजर असतो असे दिसून आले. १९९५ साली डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या गटांनी औषध सुरू करताच ही संख्या किती वेगाने उतरते, ते मोजले. पुढल्याच वर्षी गणित मांडले गेले की एका रुग्णाच्या शरीरात दररोज सुमारे १,००० कोटी विषाणू नव्याने जन्मतात. निद्रा कसली, ते तर अहोरात्र चाललेले युद्ध होते! १९९६ सालीच जॉन मेलर्स यांनी १८० पुरुषांचे साठवून ठेवलेले जुने नमुने तपासून दाखविले की, विषाणुभार सर्वांत कमी असलेल्या चतुर्थांश गटात पाच वर्षांत शंभरातील सुमारे ८ जणांना एड्स झाला, तर सर्वांत जास्त असलेल्या गटात सुमारे ६२ जणांना. रुग्णाचे भवितव्य एका आकड्यात वाचता येऊ लागले. अर्थात तो आकडा खरा असला तर!

आता हा आकडा निघतो कसा, ते पाहू. एच.आय.व्ही.चे जननद्रव्य आर.एन.ए. या रूपात असते आणि प्रत्येक विषाणूत त्याच्या दोन प्रती असतात. थेंबभर रक्तात ते इतके अल्प असते की कोणत्याही काट्यावर ते तोलता येत नाही. म्हणून आधी त्याची वाढ करावी लागते. आर.एन.ए.वरून डी.एन.ए. उतरवून घेणारे विकर १९७० साली हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधले. त्या डी.एन.ए.च्या दुपटीने प्रती काढण्याची युक्ती कॅरी मुलिस यांना १९८३ साली सुचली. तिचेच नाव पी.सी.आर. या युक्तीचा पहिला प्रसिद्ध झालेला उपयोग १९८५ सालचा, आणि तो सिकलसेल या रक्तविकाराच्या निदानासाठी होता. सातपुड्यातील भिल्ल व पावरा वस्त्यांत हा विकार किती कुटुंबांना छळतो, हे या जिल्ह्यातील श्रोत्यांस ठाऊक आहेच. या क्रियेत मिश्रण पुनःपुन्हा सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवावे लागते. एवढ्या उष्णतेत टिकणारे विकर मिळाले ते उष्णोदकाच्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूपासून. शहाद्याजवळच्या उनपदेवाच्या झऱ्यावर स्नान करताना असल्या पाण्यातही सृष्टीने काही ठेव जपली असेल, असे कोणाच्या मनात येते?

दर फेरीला दुप्पट, अशा तीस फेऱ्या झाल्या की एका प्रतीच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट ती हीच. परंतु जी दुप्पट नजरेला दाखविते, तीच मापाला फसविते. समजा, प्रत्येक फेरीत शंभरांपैकी नव्वदांचीच प्रत निघाली. चूक दिसावयास लहान आहे. पण तीस फेऱ्यांनंतर हाती येते ते अपेक्षेच्या जेमतेम एक पंचमांश. रक्त गोठू नये म्हणून घालावयाचे हेपॅरिन जरी नमुन्यात आले, तरी ही क्रिया मंदावते. यावर शास्त्रज्ञांनी उपाय काढला तो अगदी वाण्याचा आहे. नमुन्यातच माहीत असलेल्या संख्येचे, ओळखू येईल असे दुसरे जननद्रव्य मिसळावयाचे आणि दोहोंची वाढ एकाच नळीत होऊ द्यावयाची. वाढ मंदावली तर दोहोंची सारखीच मंदावेल, आणि त्यांचे प्रमाण कायम राहील. हाच मापाचा दगड. प्रयोगशाळांच्या दगडांतही मेळ असावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सर्वांसाठी एक प्रमाण नमुना ठरवून दिला.

येवढ्याने काम भागले असे वाटेल, पण तसे नव्हते. विषाणूचे जननद्रव्य पकडण्यासाठी त्याच्याशी जुळणारे लहान तुकडे वापरावे लागतात. १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या चाचणीतले तुकडे तिकडे आढळणाऱ्या 'बी' उपप्रकारावरून बेतलेले होते. आफ्रिका व आशियातील काही उपप्रकारांची संख्या ती चाचणी कमी दाखवी, म्हणून ती पुढे सुधारावी लागली. भारतात प्राबल्य आहे ते 'सी' उपप्रकाराचे. त्यातच १९९१ साली मुंबईच्या नमुन्यांत एच.आय.व्ही.-२ हा निराळाच विषाणू आढळला. तो मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. एच.आय.व्ही.-१ची चाचणी त्याला मुळी मोजतच नाही. अशा रुग्णाच्या कागदावर 'विषाणू आढळला नाही' असे उमटेल, आणि रोग मात्र आत वाढतच राहील. परक्या पेठेचा दगड आपल्या मालाला लावल्याचा हा परिणाम होय.

नमुन्याची वाटही अशीच बिकट असते. रनाळ्यासारख्या गावच्या रुग्णाचे रक्त मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पोचावयाचे, तर ठरावीक तासांच्या आत त्यातून रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा करून थंड ठेवला पाहिजे. वैशाखातल्या उन्हात बसच्या टपावर नमुना तापला, तर आर.एन.ए. तुटते आणि आकडा खोटाच उतरतो. कागदावर रक्ताचा ठिपका वाळवून पाठविण्याची सोय यावर निघाली आहे. पण ठिपक्यात रक्त थोडे, म्हणून अल्प विषाणू सुटून जातात. शिवाय त्यात पेशीही येतात, आणि पेशींत दडलेले जननद्रव्य मोजले जाऊन कधी आकडा फुगतो. सोय आणि अचूकता यांचा मेळ असा जपून घालावा लागतो.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २०११ साली मिळाले. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पुण्याची राष्ट्रीय संस्था आणि चेन्नईचे गायतोंडे केंद्र ही दोन्ही सहभागी होती. बाधित जोडीदाराकडूनच दुसऱ्याला लागण झाल्याचे जे २८ प्रसंग सिद्ध झाले, त्यांतील केवळ एक लवकर औषध सुरू केलेल्या गटात होता. विषाणू सातत्याने दबलेला असला की तो जोडीदाराला लागत नाही, हे आता पक्के झाले आहे. त्याचा अर्थ रोग समूळ गेला असा मात्र नव्हे. पेशींत तो दडून असतोच, म्हणून औषध सोडावयाचे नाही. आपल्या देशात मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले, आणि उपचार घेणाऱ्या सर्व रुग्णांसाठी ही मोजणी २०१८ च्या फेब्रुवारीत उपलब्ध झाली. मिलिलिटरमागे १,००० प्रतींहून अधिक आकडा आला, तर औषध नियमित घेतले जाते की नाही, अथवा ते निरुपयोगी झाले आहे काय, याची चौकशी होते. आकडा २०,००० चा ३०,००० झाला म्हणून मात्र घाबरून जाऊ नये. सुमारे तिपटीपर्यंतचा फरक मापातल्या चढउतारातच जमा होतो.

मापाचा असा इमान राखणे हे एकट्या प्रयोगशाळेचे काम नव्हे. रक्त काढणारी परिचारिका, ते नेणारा शिपाई, निकाल वाचणारा वैद्य, हे सारे त्या तराजूचे भागीदार आहेत. आणि समाजही. २०१७ च्या कायद्याने रुग्णाची ही माहिती गुप्त राखणे बंधनकारक केले, त्याच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली. तरीही गावात कुजबूज होईल या भीतीने जो मनुष्य चाचणीच्या खिडकीपर्यंत येतच नाही, त्याचे माप जगातील कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. दगड खरा करण्याचे काम शास्त्रज्ञांनी चाळीस वर्षे खपून केले. रुग्ण निर्भयपणे पारड्यापर्यंत यावा, एवढे उरलेले काम तुमचे-आमचे आहे.