नावात ‘रोड’ असलेली स्टेशने

कुर्डुवाडीहून लातूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर धाराशिव जिल्ह्यात ‘कळंब रोड’ नावाचे एक स्टेशन आहे. नवखा प्रवासी कळंब आले असे समजून तेथे उतरला तर फसतो, कारण कळंब तेथे नाही. कळंबला जाणारा रस्ता तेथून निघतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. देशात अशी अनेक स्टेशने आहेत. स्टेशनाच्या नावात ‘रोड’ आले की समजावे, रेल्वे गावाच्या जवळून गेली, गावात मात्र गेली नाही. उरलेले अंतर ज्याचे त्याने तोडायचे.

खुद्द कुर्डुवाडी स्टेशनाचे जुने नाव ‘बार्शी रोड’ असेच होते. धाराशिव जिल्ह्यातील सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास म्हणजे या उरलेल्या अंतराचाच इतिहास आहे, असे आम्हाला वाटते. तो वर्गात सांगण्याजोगा आहे, कारण त्यात इतिहास, भूगोल आणि पदार्थविज्ञान एकाच गाडीत बसलेले आहेत.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोचली. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. बालाघाटावरील गावांचा माल तेथे येई. पण रेल्वे बार्शीपासून सुमारे ३५ किलोमीटर दूर राहिली. भरलेली बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटर चालते. म्हणजे हे अंतर तोडायला न थांबता दहा तास, आणि बैलांची विश्रांती व वैरण धरली तर दीड-दोन दिवस. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतत, तेव्हा तर हिशेबच नको. मुंबई काही तासांवर आली होती; बार्शी मात्र होती तेथेच होती.

मग मोठ्या रेल्वेचा फाटा बार्शीपर्यंत का नेला नाही? खर्चामुळे. ब्रॉड गेज म्हणजे १६७६ मिलिमीटर अंतरावरचे दोन जड रूळ, त्यांना पेलणारे रुंद भराव, भक्कम पूल आणि लांबलचक वळणे. एका तालुक्याच्या गावासाठी एवढा पैसा कोण घालणार?

हा प्रश्न एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) या इंग्रज अभियंत्याने मनावर घेतला. तो १८८२ मध्ये हिंदुस्थानात आला आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत नोकरीला लागला. मुख्य मार्गाला माल आणून देणारे छोटे फाटे कसे बांधता येतील, याचा त्याने अभ्यास केला आणि पुढे नोकरी सोडली. १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच फुटांचा नॅरो गेज निवडला.

अरुंद रूळ त्याआधीही होते. पण ते खेळण्यातल्या गाडीसारखे, थोडा माल वाहणारे, असा समज होता. कॅलथ्रॉपने वेगळा विचार केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे मांडता येईल: रुळाला गाडीचे एकूण वजन कळत नाही, रुळाला कळते ते एका वेळी एका जागी पडणारे वजन. म्हणून गाडी हलकी करण्यापेक्षा तिचे वजन नीट वाटून द्यावे.

हे वर्गात सहज दाखवता येते. प्लॅस्टिकची लवचिक पट्टी दोन पुस्तकांवर टेकवा आणि मधोमध एक वजन ठेवा. पट्टी किती वाकते ते मोजा. आता तेवढेच एकूण वजन चार लहान वजनांत विभागून पट्टीवर पसरून ठेवा. पट्टी कमी वाकते. रुळाचेही तसेच आहे. दोन स्लीपरांवर टेकलेला रूळ म्हणजे एक पट्टीच.

कॅलथ्रॉपने मर्यादा ठरवली: कोणत्याही एका आसावर ५ टनांहून अधिक भार नको, मग ते इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण. बार्शीसाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना सहा आस होते: चार चालक आस आणि मागे दोन आसांची बोगी. म्हणजे ५ टनांच्या मर्यादेत इंजिन ३० टनांपर्यंत जाऊ शकत होते. तीनच आस असते तर तेवढ्याच वजनाच्या इंजिनाने प्रत्येक आसामागे १० टन भार टाकला असता आणि हलके रूळ टिकले नसते. चार आसांच्या वाघिणीला एकूण २० टनांची मुभा मिळते. वाघीण स्वतः जितकी हलकी, तितका माल जास्त. म्हणून तिचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे केले गेले. हलकी रेल्वे म्हणजे दुबळी रेल्वे नव्हे, हे त्याला दाखवायचे होते. १८९६ मध्ये लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून त्याने या गाड्यांचे प्रात्यक्षिकही घडवले.

दुसरा फायदा वळणांचा. आगगाडीची दोन्ही चाके आसाला घट्ट बसवलेली असतात. ती एकत्रच फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावे लागते. किती जास्त? काटकोनातल्या वळणात दोन रुळांच्या लांबीतला फरक म्हणजे रुळांमधले अंतर गुणिले पायच्या निम्मे. ब्रॉड गेजसाठी हा फरक सुमारे २.६३ मीटर येतो, बार्शीच्या रुळांसाठी सुमारे १.२० मीटर. गंमत म्हणजे तो वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून नाही. मैदानावर खडूने दोन समकेंद्री वर्तुळे काढून विद्यार्थ्यांना ते पडताळता येईल. चाकांचा उतरता आकार हा फरक काही प्रमाणात भरून काढतो, पण त्याला मर्यादा असते. तोच फरक थोड्या लांबीत भरून काढायचा असेल तर तो मुळात लहान हवा. म्हणून अरुंद रूळ जास्त तीव्र वळण घेऊ शकतात. डोंगर फोडण्याऐवजी ते त्याला वळसा घालतात. येडशीजवळ बालाघाट चढताना ही गोष्ट कामी आली असणार, हे उघड आहे.

मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये एक शाखा पंढरपूरला पोचली. दुसऱ्या बाजूला बार्शीहून रूळ निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरले, तडवळ्यापर्यंत गेले आणि १९११ मध्ये लातूरला पोचले. १९२७ मध्ये पंढरपूरची शाखा मिरजेला भिडली. लातूर ते मिरज असा सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपासचा हा मार्ग झाला. लोकांनी त्याला ‘बार्शी लाईट’ म्हटले.

आता नकाशा पाहा. येडशी, ढोकी, लातूर ही गावे रुळांवर आली. लातूर त्या वेळी याच जिल्ह्यातला एक तालुका होता. त्याचा वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. पण जिल्ह्याचे ठाणे असलेले गाव, त्या वेळचे उस्मानाबाद, रुळांपासून सुमारे २० किलोमीटर बाजूला राहिले. बार्शीचे उरलेले अंतर संपले आणि उस्मानाबादचे सुरू झाले. कंपनीच्या दृष्टीने यात चूक काही नव्हती. ती भांडवलावर चालणारी कंपनी होती आणि तिला बाजारपेठा हव्या होत्या. कचेरीला येणारा पक्षकार किंवा दवाखान्यात येणारा रोगी हा मालाच्या टनांत मोजला जात नाही.

स्वस्त रेल्वेची आणखी एक किंमत होती, ती कुर्डुवाडीला चुकवावी लागे. तेथे अडीच फुटी रूळ संपत आणि साडेपाच फुटी सुरू होत. एकाची वाघीण दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून प्रत्येक पोते हमालांनी एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचे. प्रवाशांनीही बोचकी डोक्यावर घेऊन गाडी बदलायची. आमच्या पिढीने लहानपणी हा अनुभव घेतला आहे: एका बाजूला लांबलचक मोठी गाडी, दुसऱ्या बाजूला बुटकी गाडी, आणि मध्ये घरच्या माणसांना हाका मारणारी गर्दी. मोठी गाडी उशिरा आली तर छोटी निघून गेलेली असे. रूळ ताशी किती वेग पेलतात याला त्या वेळी काही अर्थ नसे. सारा वेळ फलाटावर जाई.

कॅलथ्रॉपला ही अडचण ठाऊक होती. इंग्लंडमध्ये त्याने पुढे लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी रेल्वे केली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तेथे मोठ्या रेल्वेची आख्खी वाघीण छोट्या रुळांवरच्या खास वाहक गाडीवर चढवून नेत असत. माल उतरवावा लागत नसे. अर्थात तीही रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली. बार्शी लाईट मात्र चालत राहिली.

उस्मानाबादचे २० किलोमीटर तोडायला अखेर रूळ नव्हे, तर रबरी टायर आले. जून १९३२ मध्ये हैदराबाद संस्थानात निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ता वाहतूक विभागाने २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी सेवा सुरू केली. सरकारी मालकीच्या बससेवेचा हा देशातला अगदी सुरुवातीचा प्रयोग. बस रेल्वेच्याच हाताखाली होती, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. इतरत्र त्या काळात खाजगी मोटारी रेल्वेशेजारच्या रस्त्यावर धावून तिचे प्रवासी पळवत होत्या आणि रेल्वे तक्रार करत होती. हैदराबादने दोघींना एकाच छताखाली आणले. पुढल्याच वर्षी, १९३३ मध्ये, लंडन शहराने आपल्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे एका मंडळाकडे सोपवल्या. जगातले एक बलाढ्य शहर आणि दख्खनचे एक संस्थान जवळजवळ एकाच वेळी एकाच निष्कर्षाला आले होते: वाहने वेगवेगळी असली तरी प्रवास एकच असतो.

पण आमच्या जिल्ह्यात हे छत अर्धेच होते. बस निजामाच्या रेल्वेची, तर बार्शी लाईट लंडनच्या कंपनीची, आणि कुर्डुवाडीची मोठी गाडी तिसऱ्याचीच. मध्ये संस्थानाची सरहद्द. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार रुपया, आणि मालावर करोडगिरी. जोड जितके अधिक, तितका खोळंबा अधिक.

हे जोड हळूहळू कमी होत गेले. सरहद्द १९४८ मध्ये पुसली गेली. त्याच वर्षी १ जूनला तिकडे मुंबई राज्यात पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली होती. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाईट विकत घेतली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची बससेवा महाराष्ट्राच्या एस.टी.त मिळाली. रूळ रुंद व्हायला मात्र एकविसावे शतक उजाडले. २००७-०८ मध्ये लातूर–कुर्डुवाडी मार्ग ब्रॉड गेज झाला, आणि तो करताना मार्ग वळवून जिल्ह्याच्या गावातून नेण्यात आला. लातूरला आगगाडी आल्यानंतर ९६ वर्षांनी ती त्या जिल्ह्याच्या ठाण्याला आली. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या नव्या मार्गाचे भूमिपूजन २०१९ मध्ये झाले आहे.

आम्ही विज्ञानाची माणसे वेग, भार, कार्यक्षमता यांवर भरभरून बोलतो. कॅलथ्रॉपची ५ टनांची मर्यादा हे खरोखरच सुंदर विज्ञान होते. तिच्यावाचून या भागात रेल्वे शंभर वर्षांपूर्वी आलीच नसती. पण एका आसावर किती भार पडावा हे गणित सांगते. रूळ कोणत्या गावावरून जावेत आणि कोणाला फलाटावर ताटकळत ठेवावे, हे माणसे ठरवतात. दोन्ही प्रश्न विद्यार्थ्यांसमोर एकत्र यायला हवेत.

त्यासाठी एक छोटा उपक्रम सुचवतो. मुलांना घरातून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतच्या प्रवासाची नोंद करायला सांगा: चालण्याचा वेळ, थांब्यावर थांबण्याचा वेळ, गाडीत बसलेला वेळ. तिन्ही रकान्यांची वेगवेगळी बेरीज करा. पहिल्या दोन रकान्यांची बेरीज तिसऱ्यापेक्षा मोठी आली, तर आपल्या गावाच्या नावापुढे अजूनही न लिहिलेले ‘रोड’ आहे, असे समजावे.